माहेरचं पाणी

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथं ती एका कुंडात मावते. जांबोटीच्या रानातून भातखाचरांच्या कडेकडेनं येताना उन्हाळ्यात गुडघाभरही नसते. खानापूरच्या पुढं मात्र तिला अंग सुटतं. आमच्या गावाजवळ ती उसाच्या मळ्यांना वळसा घालून संथ जाते. हे मी पुस्तकातून नाही, आईकडून शिकलो. तिचं माहेर वर, जांबोटीच्याही पलीकडं, याच नदीच्या काठी.

श्रावणात आमच्या गल्लीतल्या बायका नदीची ओटी भरतात. खण-नारळ पाण्यात सोडला की सगळ्या घराकडं वळायच्या. आई मात्र वरच्या अंगाला बघत उभी राहायची. तिकडं मामीही ओटी भरायची, आणि तिचा नारळ वाहत इथवर यावा असं आईला वाटायचं.

"अगं, मधी बंधारं हाईत, माणसं हाईत. तुझा नारळ कोण सोडतंय?" वडील चिडवायचे.

"एक दिस पोचतोय बघा," ती म्हणायची.

कधीच पोचला नाही. तिचा हट्ट मला खुळा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर फार आवडायचाही.

ती गेली आषाढात, पावसानं थैमान घातलेलं असताना. आमच्यात बाईला शेवटचं लुगडं माहेरचंच नेसवतात. आजारपणात तिनं एवढंच मागितलं होतं, "माझं तेवढं चुकवू नकासा." धाकटा मामा लुगडं घेऊन निघाला, पण वाटेतला पूल पाण्याखाली गेलेला. दुपार वाट बघण्यात गेली. म्हाताऱ्या बायका कुजबुजू लागल्या. मला रडू येत नव्हतं, त्या पाण्याचा नुसता संताप येत होता.

शेवटी मामाचा फोन आला. मागं पुराचा आवाज घोंगावत होता.

"आक्काचं लुगडं नदीत सोडलं रं. नदीला म्हटलं, मला न्हाय सोडत तर तू तरी घेऊन जा. तिथलं पाणी आणा, आक्काला घाला."

मी घागर घेऊन काठावर गेलो. पाणी तांबडं, गढूळ, पालापाचोळ्यानं भरलेलं. गाळून घ्यावंसं वाटलं नाही. तेच आईच्या अंगावर घातलं आणि मघाशी कुजबुजणाऱ्या बायकांनीच पुढं होऊन तिला घरातलं हिरवं लुगडं नेसवलं.

पाणी ओसरल्यावर मामा आला. उंबऱ्याबाहेरच थांबला, चपला काढायचंही त्याला सुचलं नाही.

"पोचलं व्हय रं?"

"पोचलं, मामा," मी म्हणालो.