दिवा नसलेली मोटरसायकल

सिंदेवाहीच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून सुटीत घरी आले, की बाबांची जंगलखात्याची जीप त्याच्याकडे दुरुस्तीला असायची. मी बाकावर बसून पुस्तकाआडून त्याला पाहायची. तो लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकायचा.

कोपऱ्यात त्याची स्वतःची मोटरसायकल होती. तरुणपणी तो तिच्यावर शर्यतींत धावला होता. डावं मनगट मोडल्यापासून त्याला क्लच दाबता येईना. तरी रोज सकाळी तो ती सुरू करून नुसता ऐकत बसे.

एका मे महिन्यात बांबूच्या ठेकेदारानं ती विकत घेतली.

"हिले दिवा काऊन नाई, भाऊ?"

"शर्यतीत दिवा कायले? वजन वाढते."

"मले रानात जा लागते. दिवा लाव, मागं कॅरियरबी बसव."

मेकॅनिकनं दोन्ही स्वतः बसवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ठेकेदार निघाला तेव्हा, एरवी कधी न बोलणारी मी कसंबसं म्हणाले, "विकली कशाला?"

"उभ्या उभ्या मरून राह्यली होती, बाई. धावू द्या तिले."

आवाज मूल गावाच्या रस्त्यानं लांब गेला. मध्येच त्यानं मान हलवली.

"तिसरा गिअर लवकर टाकला. अजून थोडी ओरडू द्याची होती."

मला आता काहीच ऐकू येत नव्हतं. तो मात्र चौथ्या गिअरची वाट पाहत भर उन्हात उभा होता.