बूथमधली नऊ मिनिटं

क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत मी बांबारा भाषेवर पीएचडी करत होते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची भाषा ऑस्ट्रेलियात बसून कोण शिकतं, असं नातेवाईक विचारायचे, आणि मी विषय बदलायचे. खरं तर विषय सोपा होता. जुन्या, ठाय वळणाच्या बांबारात जवळजवळ प्रत्येक व्यंजनानंतर स्वर येतो. राजधानी बामाकोत मात्र लोक भरभर बोलताना मधले स्वर गिळतात. साबणाला ‘साफुने’ न म्हणता ‘साफ्ने’ म्हणून मोकळे होतात, तीन अक्षरांची दोन. हे गिळणं नेमकं कुठे होतं आणि कुठे नाही, एवढंच मला दाखवायचं होतं.

घोडं अडलं ते बूथमध्ये. बूथ म्हणजे रेकॉर्डिंगसाठीची, फोमने मढवलेली, दोन माणसं जेमतेम मावतील अशी बिनखिडकीची खोली. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा आणि मला उठून पळावंसं वाटायचं. दर शनिवारी दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पॉइंट कुकहून, एक बाई माझ्यासाठी येऊन तिथे बसायच्या. बामाकोत वाढलेल्या, इथे वृद्धाश्रमात साफसफाई करणाऱ्या. पण माइक समोर आला की त्या शाळामास्तरीण व्हायच्या. एकेक स्वर घासूनपुसून.

“घरी बोलता तसं बोला ना,” मी विनवायचे.

“घरचं कशाला रेकॉर्ड करायचं? ते चुकीचं असतं.”

माझी स्कॉलरशिप संपली होती, व्हिसाचे चार महिने उरले होते. गाइड म्हणे, डेटा नाही तर प्रबंध नाही. दुसरं कुणी शोधायचं तर वेळ नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

एका शनिवारी शब्दांची यादी अर्धी वाचून झाली असताना त्यांचा फोन वाजला. “भाऊ आहे,” त्या म्हणाल्या. मी सभ्यपणे बाहेर गेले आणि रेकॉर्डर बंद करायला विसरले. परत आले तेव्हा त्यांनी उरलेले चाळीस शब्द वाचले आणि घरी गेल्या.

सोमवारी फाइल उघडली, तर आत फोनची नऊ मिनिटं. स्वर गिळलेले, अक्षरं एकमेकांत घुसलेली, अगदी मला हवं होतं तसं. लाज वाटते सांगायला, पण मी नाचले. बोलणं इतकं भरभर होतं की मला ‘आई’ एवढा एकच शब्द कळला. मोजायला अर्थ लागत नाही. दहा दिवस मी गिळलेले स्वर मोजत बसले.

पण परवानगीशिवाय ते वापरता येणार नव्हतं, आणि भाषांतरही हवं होतं. शेवटी बाईंना सांगितलं, माफी मागितली. त्यांनी हेडफोन लावले आणि दर वाक्याला थांबवून मला इंग्रजीत सांगू लागल्या.

“आई रात्रीच गेली. दफन आजच. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. तो म्हणाला, तू येणार आहेस का? मी म्हटलं, नाही.”

त्यांचे इथे राहण्याचे कागद सरकारकडे अडकले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, आणि मुलं इथे. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “प्लीज, स्टॉप करू या. मी सगळं डिलीट करते.”

“अजून चार मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “लिही.”

मी लिहिलं. मग त्यांनी संमतीपत्रावर सही केली आणि विचारलं, “हवं होतं ते मिळालं ना तुला?” मी हो म्हटलं.

त्या नऊ मिनिटांवर प्रबंध पास झाला, प्रबंधावर नोकरी मिळाली, नोकरीवर पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना. गेल्या डिसेंबरात मी पुण्याला जाऊन आईला भेटून आले. बाईंचे कागद अजून आलेले नाहीत.