लांजा ते रूपिनचा वरचा धबधबा

रूपिन पासला जायचं हे मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या नणंदेनं ठरवलं. तिला एकटीला पाठवायची भीती वाटली, म्हणून मी हो म्हटलं.

सुषमाताई मुंबईत नर्स होती. यंदा निवृत्त होऊन लांज्याला आली ती मोबाइलमध्ये बर्फाचे फोटो घेऊनच. उत्तराखंडातल्या धौला गावातून चालायला लागायचं, रूपिन नदीच्या काठाकाठानं चढत जायचं, पंधरा हजार फुटांहून उंच खिंड ओलांडून पलीकडे हिमाचलात सांगल्याला उतरायचं. आठवडाभराची चाल. एवढं लांब कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, "एकदा बर्फात पाय घालायचाय मला. त्याला कारण कशाला लागतं?"

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पऱ्यावरच्या साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहानशा पुलावरून, जातानासुद्धा मी खाली बघत नाही. नवऱ्याला मुंबईत फोन केला, तर तो म्हणाला की ताई सोबत आहे म्हणजे डॉक्टरच सोबत असल्यासारखं आहे. सासूबाई मात्र ताईवर चिडल्या. "कनाला जातास गो तकडं? हितं काय चढ कमी हायत?"

चढ कमी नव्हते, म्हणून तयारी इथंच केली. मार्चपासून रोज पहाटे गावामागच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, चालायचं, रविवारी माचाळचा डोंगर. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदूळ भरलेले. वाटेत कोणीतरी हटकून विचारायचं, बाई, एसटी चुकली काय? पाय तयार झाले, दमही वाढला. पण समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाला उंचीची तयारी घरबसल्या करता येत नाही, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. मी त्यावर वाचू नये ते सगळं वाचलं. विरळ हवेत मेंदूला सूज येते, माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो, आणि त्याला स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही. हे ताईला वाचून दाखवलं तर ती हसली. म्हणाली, अशी माणसं मी वॉर्डात रोज सांभाळलीत.

बूट मात्र भाड्याचे घेऊ नका. आम्ही महिनाभर आधी विकत घेतले आणि घालून मऊ केले. काठ्या, बर्फात बुटाला बांधायचे दात वगैरे ट्रेकवाले भाड्यानं देतात. खर्चातला मोठा वाटा त्यांच्या फीचा आणि रेल्वेच्या तिकिटांचा. मेच्या सुट्टीची तिकिटं लवकर काढा, नाहीतर आमच्यासारखी तत्काळची धावपळ होते.

निघताना सासूबाईंनी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून आम्हा दोघींकडून त्रिशरण म्हणून घेतलं. 

रत्नागिरीहून दिल्ली, तिथून डेहराडून, आणि पुढे धौलापर्यंत अख्खा दिवस जीपचा प्रवास. टोन्स नदी एका अंगाला खोल खाली, रस्त्याला कठडा नाही. ताई खिडकीशी बसून व्हिडिओ काढत होती. मी पुढच्या सीटच्या पाठीवरच नजर लावून बसले होते.

चालायला लागल्यावर पहिले दिवस बरे गेले. नदी दुधासारखी पांढरी, देवदाराची झाडं, लाकडी घरांची गावं. झाका नावाचं गाव तर कड्याला चिकटवल्यासारखं आहे. तिथं एका घरात राजम्याची आमटी आणि गरम भात मिळाला. आमच्या तुकडीचा गाइड जयपाल त्याच खोऱ्यातला, फार बोलायचा नाही. संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन बघायचा. माझा आकडा ठीक यायचा, पण मला झोप लागायची नाही. तंबूत पडल्यापडल्या मी ताईचा श्वास ऐकत राहायची.

झाकाच्या पुढे झाडं संपली आणि नदीवर बर्फाचे पूल लागले. खालून पाणी गडगडत असतं आणि आपण त्यावरून चालतो. त्या पहिल्या पुलावर माझे पाय जागच्या जागी थिजले. ताईनं मागे वळून माझा हात धरला आणि पार नेलं. तिचा पाय खरंच बर्फात होता आणि ती लहान मुलीसारखी खूश होती.

रूपिनच्या धबधब्याच्या पायथ्याशी, खालच्या धबधब्याच्या मुक्कामावर, ताई जेवली नाही. ॲसिडिटी म्हणाली. जयपाल तपासायला यायच्या आधी तिनं बोटं चोळून गरम केली आणि दीर्घ श्वास घेत बसली. आकडा जेमतेम बरा आला. मी बघत होते. नर्स आहे, तिला कळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही वरच्या धबधब्याच्या मुक्कामाला पोचलो. तिथून खिंड एका चढावर राहते. त्याच्या पुढच्या दिवशी उजाडायच्या आत निघायचं होतं. ताई तंबूमागे जाऊन ओकून आली. मग बुटाची नाडी सोडायला बसली, तर बोटांना गाठ सापडेना. उठून पाण्याकडे निघाली तेव्हा तिचा तोल जाताना मी पाहिला. सपाट जागेवर, होडीत उभं असल्यासारखी ती डुलत होती.

मी म्हटलं, "ताई, जयपालला सांगूया."

"काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत ठीक होईन. तू सांगितलंस तर मी परत तुझ्याशी बोलणार नाही."

तिची जीभही जड झाली होती. आमच्या घरात तिचा शब्द कोणी मोडत नाही. माझा नवराही नाही. मी तंबूबाहेर उभी राहिले. समोर खिंडीची घळ, पांढरी, सरळ वर गेलेली. त्या घळीत ताई कोसळली तर काय, हे एकदा डोळ्यांसमोर आलं आणि मग जाईना. मी स्वयंपाकाच्या तंबूत गेले आणि जयपालला सगळं सांगितलं. तो हातातला कप ठेवून लगेच उठला.

त्यानं ताईला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ती त्याच्या हातावर पडली. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता खाली. तिला गोळी दिली, ऑक्सिजन लावला. त्याचा एक माणूस तिला घेऊन उतरेल, मला हवं तर बाकीच्यांबरोबर खिंड पार करता येईल, असंही तो म्हणाला. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा तू. खूश हो." मी तोवर सॅक भरायला घेतली होती.

उतरताना मला जी भीती वाटली तिच्यापुढे आधीची काहीच नव्हती. बर्फ दुपारच्या उन्हानं मऊ झालेला, धबधब्याचं पाणी बाजूला कोसळतंय, आणि ताई मध्येच खाली बसायची. मला झोपू दे म्हणायची. जयपालचा माणूस पुढून तिला धरायचा, मी मागून तिच्या सॅकचा पट्टा मुठीत घेऊन उतरायची. घसरली तर मला ओढणार हे कळत होतं, तरी पट्टा सोडला नाही. मी तिच्याशी बोलत राहिले. लांज्यातली दुकानं एकामागून एक सांगायला लावली. आधी चुकत होती. बर्फाचा पूल ओलांडून गवताच्या पठारावर आलो, उजेड सरत आला होता, तेव्हा तिनं बसस्टँडपासून सगळी बरोबर सांगितली. मी दगडावर बसले आणि मला रडू फुटलं.

सकाळी ती स्वतःच्या पायांनी उठली, दोन पोळ्या खाल्ल्या. माझ्याशी बोलली नाही. डेहराडूनपर्यंत नाही, दिल्लीपर्यंत नाही. गाडीत मी चहा दिला तो घेतला, तेवढंच. धौल्यात डॉक्टर मिळत नाही, म्हणून डेहराडूनला दाखवलं. वेळेवर उतरलात, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले.

घरी पोचलो तर सासूबाईंनी विचारलं, लवकर कशा आलात? ताई पाय धूत होती. ती म्हणाली, "हिला दम लागला. मग काय करणार, उतरलो." मी सॅक उचलून आत नेली. सासूबाईंनी मला आठवडाभर नाचणीची आंबील पाजली. शेजारणी येऊन बघून गेल्या. मुख्याध्यापक बाजारात भेटले, त्यांनीही विचारलं, आता बरं आहे ना? मी हो म्हटलं.

ताई काही दिवसांनी तिच्या मुलीकडे मुंबईला गेली. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी अंगणात आमसुलं वाळत घातली होती ती उचलत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं एकदम विचारलं.

"तू आईला खरं का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतंत ना, मग मी काय बोलणार.

"मी आत्ताच आईला फोन करून सांगितलंय. तू प्रवासाचं लिहितेस ना मोबाइलवर, त्यातही खरं ते लिही."  मग म्हणाली, "एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. त्या दुपारी वर तंबूजवळ तू माझ्यासमोर उभी होतीस ना, तेव्हा मला तू दोन दिसत होतीस. वॉर्डात पेशंट असं म्हणाला असता तर मी धावत डॉक्टरला बोलावलं असतं. आणि मी विचार करत होते, सकाळी घळीत दोरीही दोन दिसली, तर त्यातली कुठली धरायची."

फोन ठेवला. मी पायरीवर बसले. आतून सासूबाई बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि सुपातली आमसुलं निवडायला लागल्या.