ओट्यावरचं तेल

ती घटना आठवली की आजही डोकं फिरतं. माजलगाव तालुक्यात फौजदार म्हणून माझी नेमणूक होती. बाजारात रोज नवी वस्तू येण्याचे ते दिवस. तिथल्या एका वजनदार पुढाऱ्यानं बंगल्याच्या बागेत नवा ओटा करून घेतला होता. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या, पुण्याहून आणलेल्या फळ्यांचा. वाळवी नाही, पॉलिश नाही, काही म्हणजे काही करावं लागत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. बंगल्यावर गेलेल्या प्रत्येकाला आधी तो ओटा बघावा लागे. मी तीनदा बघितला होता.

एका सकाळी त्याच ओट्यावर पुढारी घसरले आणि मनगट मोडलं. फळ्यांवर तेल होतं. हाताला प्लॅस्टर घालून ते थेट ठाण्यात आले.

"धाकट्या भावानं तेल ओतलंय. गुन्हा दाखल करा, आत टाका त्याला."

भाऊ शेजारीच राहायचा, त्याचा तेलघाणा होता आणि बांधावरून दोघांत अबोला होता. पुढाऱ्यांना एवढा पुरावा पुरेसा होता. दुपारपर्यंत फोन थांबेना. अख्ख्या तालुक्याला जणू त्या मनगटाशिवाय दुसरी काळजीच नव्हती.

त्यात खबर आली. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्यानं आमच्या हवालदाराला सांगितलं, "काल घाण्यावरून तेलाचा डबा बंगल्याकडं गेलता." कोणी नेला, ते त्यानं पाहिलं नव्हतं. मी भावाला चौकशीला बोलावलं.

"डबा तुमच्या घाण्यावरचा?"

"हाय. जवसाचं तेल हाय."

"नेला कोणी?"

मी समजावलं, दरडावलं, चहा पाजला. माणूस टेबलाकडं बघत राहिला.

"साहेब, उद्या पोरीची सुपारी फुटायचीय," तो शेवटी म्हणाला. "केजचे पाव्हणे येणार. मी ठाण्यात बसलोय हे त्यांना कळलं तर सोयरीक मोडंल."

"मग नाव सांगा आणि घरी जा."

"न्हाई सांगायचं."

मला त्याचा लई राग आला. गुन्हेगार खोटं बोलतो, ते समजतं. हा खोटंही बोलत नव्हता आणि खरंही सांगत नव्हता. त्याला बसवून ठेवलं आणि दोन पंच घेऊन पंचनाम्याला बंगल्यावर गेलो.

ओट्यावर तेल नुसतं तरंगत होतं. फळी ते प्यायलीच नव्हती. मी सांभाळून बंगल्याची पायरी चढलो आणि दारापाशी थांबलो. दार चकाकत होतं. खिडक्यांच्या चौकटी, झोपाळ्याची फळी, सगळीकडं तोच वास. भावाला पाडायला आलेला माणूस त्याचा झोपाळा तेलानं कशाला पुसत बसेल?

"दारांना तेल कोणी लावलं?"

"घरातल्या बायका लावतात. दरसाल, पावसाळ्याआधी," पुढारी म्हणाले. "त्याचा इथं काय संबंध?"

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या मंडळी बोलल्या. "मीच लावलं. दारं झाली, झोपाळा झाला, डब्यात तेल उरलं. म्हटलं, एवढं महागाचं लाकूड कोरडं कावून ठेवायचं? सकाळधरनं सांगतीय, पण हे 'तू गप' म्हणत्यात."

"तेल आणलं कुठून?"

"भावजींकडनं. ह्यांना न सांगता. दुसऱ्याचं तेल मला पटत न्हाई."

पुढारी म्हणाले, "त्यानं ठाण्यात सांगितलं कावून न्हाई?"

"वहिनीचं नाव ठाण्यात घ्यायचं नव्हतं त्याला," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, आणि तो मी खाली आणला नाही.

ते माझ्याच जीपमधून ठाण्यात आले; वाटेत मी त्यांना पुतणीच्या सुपारीचं सांगितलं. भावासमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "चल घरी. पाव्हण्यांपुढं मी बसतो." माफीबिफी काही नाही. भाऊ उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "दादा, आधी साबणाच्या पाण्यानं तो ओटा धुवून घ्या. वहिनी पडतील." इतक्या तासांत त्यानं आपणहून दिलेली ती पहिली माहिती.

त्यानंतर कुठल्याही घरी चौकशीला गेलो की जिला 'तू गप' म्हणतात, तिचा जबाब मी आधी घेत असे. निम्मी प्रकरणं तिथंच मिटली.

निवृत्तीनंतर मीही बागेत तसाच ओटा केला. खाचा असलेल्या फळ्या निवडल्या, पाय घसरू नये म्हणून. पाणी निघून जावं म्हणून दोन फळ्यांत फट ठेवली. झाडू, साबणाचं पाणी, बस. तरी पावसाळा जवळ आला की आमच्या घरातही तेलाचा डबा बाहेर निघतो. मी ओट्यावर खुर्ची टाकतो आणि डबा परत आत जाईपर्यंत उठत नाही.