माझ्याच विजयाची बातमी

जिल्हा बुद्धिबळ स्पर्धा मी जिंकले त्या संध्याकाळी बक्षीस घेऊन थेट ऑफिसात गेले, कारण क्रीडा पानाची बातमी मलाच लिहायची होती. खेळाडूही मी आणि वार्ताहरही मीच. स्वतःचं कौतुक नको म्हणून बातमी आखडती लिहिली: ‘अंतिम फेरीत एका यंत्रमाग कामगाराचा पराभव करून विजेतेपद.’ खाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला.

“ताई, आमच्या नानांचं नाव कुटं हाय ओ ह्यात? आईनं पेपर जपून ठेवायला आणला होता की.”

स्वतःला झाकायच्या नादात मी त्यांनाच पुसून टाकलं होतं. तीन तास समोर बसलेला माणूस, आणि मी त्याचं नाव लिहिलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेले. टॉवेलच्या कारखान्याबाहेर ते लिंबाखाली डबा खात होते. साठीला टेकलेले, केसांत कापसाचं तूस. मागांच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू येई, म्हणून मी समोर बसून सावकाश म्हटलं, “चुकलं माझं.”

“असू द्या की,” ते म्हणाले. हात धुतले आणि पिशवीतून लोहचुंबकाचा छोटा पट काढला. “हितं बघा. इथं मी हत्ती द्यायला पायजे होता.”

त्यांनी आमचा डाव भराभर मांडला. हत्तीचा बळी, माझा राजा उघडा, मग घोड्याच्या दोन खेळ्या आणि मात. मी बघतच राहिले. डाव चालू असताना मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

“तुम्हाला कधी दिसलं?”

“हत्ती सोडून दुसरीच चाल केली, घड्याळ दाबलं, अन् लगेच दिसलं.” ते हसले. “लई हळहळलो. आज सकाळधरनं मागावर उभा राहून तोच डाव खेळत होतो. मागाच्या आवाजात दुसरं काय ऐकू येत न्हाई, डोक्यात पट बरा चालतो.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमी एवढ्या खुशीत होता. कशाला?”

रविवारच्या पानासाठी मी तो डाव आकृतीसकट लिहिला. त्यांचं पूर्ण नाव, त्यांचा कारखाना, आणि शेवटी स्पष्ट वाक्य: हा डाव त्यांचा होता, मला फक्त मिळाला. संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. “स्वतःचंच विजेतेपद कशाला पातळ करतेस?”

“सर, डाव तसाच झालाय.”

त्यांनी एक शब्दही न बदलता छापला.

रविवारी सकाळीच त्या मुलीचा पुन्हा फोन आला. “ताई, नाना तिसऱ्यांदा वाचायलेत. आईला वाचता येत न्हाई, तर तिला आमच्या घरच्या तेलुगूत सांगायलेत.” मागून त्यांचा मोठा आवाज येत होता; त्यातला ‘हत्ती’ तेवढा मला कळला.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे खेळायला जाते. बहुतेक वेळा हरते. परवा मी वजीर गमावून डोकं धरून बसले होते. त्यांच्या बायकोनं पटाशेजारी भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली, तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“ती म्हणती,” ते म्हणाले, “आधी जेवा, मग हरा.”