घरात बसायचं कुणी?

कांडीवाल्या काकींना हळू बोलता येत नसे. नारपोलीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरून त्यांचा आवाजच तसा झाला होता. गुपित त्यांच्याजवळ टिकत नाही, म्हणून बायका त्यांना जरा जपूनच असत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, त्यांच्याशेजारी बसून कांड्या भरायची. एका दुपारी सुताच्या गोदामात आमच्या जॉबरनं, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं, माझ्यावर जबरदस्ती केली. मी ओरडले, लूमपुढे कुणाला ऐकू गेलं नाही. घरी आईनं दार लावलं आणि पहिल्यांदा विचारलं, एकटी कशाला गेलीस? आठ दिवस मी बाहेर पडले नाही. दारापाशी चप्पल वाजली की मी आतल्या कोपऱ्यात सरकायची.

नवव्या दिवशी काकी आल्या. आईनं तापाचं कारण सांगितलं. काकी माझ्याजवळ बसून राहिल्या आणि मी कधी सगळं सांगून टाकलं, कळलंच नाही. आई त्यांना आवाज खाली करायला विनवत होती.

"घरात बसायचं तर त्यानं बसावं," काकी म्हणाल्या. "ही कशाला बसंल? हिचा काय गुन्हा हाय?"

दुसऱ्या सकाळी त्या मला पोलीस चौकीवर घेऊन निघाल्या. वाटेत चहाच्या टपरीवर तो उभा होता. आमच्याकडे बघून हसला. मी जागीच थांबले. काकींनी हात धरला तेव्हा कळलं, त्यांचाही तळवा घामानं भिजला होता. तरी त्या चालत राहिल्या. चौकीत हवालदारानं आईचाच प्रश्न विचारला.

"ती ड्युटीवर व्हती, साहेब. तो आत कशाला गेला, ते त्याला बोलवून विचारा."

काकींचा आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं दाराशी जमली. तक्रार लिहून घ्यावीच लागली.

जामिनावर सुटल्यावर तो काकींच्या दारासमोर येऊन उभा राहू लागला. लूमच्या मालकानं, शेठनंही, त्यांना कामावरून काढलं. त्या खारबाव गावी भावाकडे राहायला गेल्या. कोर्टाच्या तारखांना मात्र माझ्यासोबत येत. निकालाच्या आधीच काविळीनं गेल्या. त्याला शिक्षा झाली, ती मी एकटीनं ऐकली. लूमचा आवाज आला की अजूनही मी आधी दार कुठे आहे ते बघते.

निकाल सांगायला मी खारबावला गेले, तेव्हा आईही आली. काकींच्या भावाकडे शेजारची बाई बसली होती. तिनं मला न्याहाळून विचारलं, हीच का ती, हिचं काय झालं होतं?

मी मान खाली घातली. आई म्हणाली, "हिचं काही नाही. एका माणसानं गुन्हा केला होता. तो तुरुंगात आहे."