पिवळ्या गुलाबाचा डोळा

दुपारचं जेवण झाल्यावर शरयूताई खाटेवर जरा कलंडतात. मोरीतला नळ ठिबकतो आहे. थेंब मोजता मोजता आकडा चुकतो आणि त्या कराडच्या एसटी स्टँडवर उभ्या असतात. फलाटांवर गाड्यांऐवजी गुलाबाच्या कुंड्या लागल्या आहेत. तिसऱ्या फलाटावर त्यांचे यजमान, दिनकरराव, उकिडवे बसले आहेत. त्यांना जाऊन सात महिने झाले, हे शरयूताईंना पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडून निघतं ते रोजचंच.

"अहो, गुडघे धरतील."

"आता कसले धरतात!"

पुढ्यात अंगणातलीच कुंडी आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दिनकररावांनी कलम केलेला पिवळा गुलाब. जुना झाला की ते त्याला नव्या खुंटावर चढवत आले. ते गेल्यापासून शरयूताईंनी झाडाला कात्री लावलेली नाही. कात्री दिनकररावांची होती. शेणखत आणि पाणी मात्र चुकलं नाही. झाड पुरुषभर वाढलं, पण फूल एकही नाही.

"एका देठाची पानं मोज."

"सात."

"आणि आपल्या गुलाबाला?"

"पाच." शरयूताई पुन्हा मोजतात. "मग हा कोण?"

"खालचा रानटी खुंट. जोडाखालून फुटला, वरचं कलम वाळलं. सात महिने तू यालाच जेवू घालते आहेस."

स्टँड कुठे गेला कोण जाणे. दवाखान्याचा जिना आहे, पायऱ्यांवर ओली माती. ते पुढे, त्या मागे.

"हिरवं दिसलं की बरं वाटायचं हो. कापायला हात होईना. मीच मारलं तुमचं झाड."

"मूळ जगवलंस की. नाहीतर नवा डोळा कशावर भरला असता, तुझ्या डोक्यावर?"

जिना संपतो तिथे घरचं स्वयंपाकघर आहे. पाटावर बसून दिनकरराव पिवळ्या गुलाबाच्या काडीवरून डोळा उतरवतात; तांदळाएवढा कोंब, भोवती नखाएवढी साल. सुकू नये म्हणून असा डोळा ते ओठांत धरायचे आणि तो बसवायला खुंटाला छेद देईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. "दारात पाहुणे आले तरी हे मुके," असं शरयूताई शेजारणींना सांगायच्या.

आज ते डोळा शरयूताईंच्या ओठांत ठेवतात.

त्यांना खूप विचारायचं आहे. त्या दिवशी मी दवाखान्यातून नुसती लुगडं बदलायला घरी गेले होते, तेवढ्यात का गेलात, हे तर विचारायचंच आहे.

"बोलू नकोस," दिनकरराव म्हणतात. "सुकेल."

"आई, उठलीस का गं?" आतल्या खोलीतून लेक मृणाल विचारते.

खिडकीत उतरतं ऊन आहे. शरयूताई उत्तर देत नाहीत. ओठांमध्ये काहीतरी ओलसर, तुरट आहे. जिभेला सालीची कड लागते. त्या उठतात, फडताळातून कलमाचा चाकू घेतात आणि ओठ घट्ट मिटून अंगणात जातात.